कचारगडच्या वाटेवरचं चाक

माघ पौर्णिमेच्या सुमारास सालेकसा तालुक्यातलं धनेगाव गाड्यांनी भरून जातं. कचारगडच्या गुहा हे गोंड समाजाचं मोठं श्रद्धास्थान. महाराष्ट्र, छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगण अशा चहूकडून भाविक इथे येतात. गाड्या पायथ्याशी थांबतात आणि पुढची चढण पायी. गोंदियाहून यायचं तर आमगाव, सालेकसा, दरेकसा ही वाट. आधी धानाच्या बांध्यांमधून जाणारी, मग जंगलात शिरून वळणं घेणारी. डांबराची कड कुठे तुटलेली, कडेला मुरूम, आणि रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातून आणलेला चिखल रस्त्यावर पसरलेला.

वीस वर्षांपूर्वीची, पण अजून अंगात रग असलेली गाडी ज्याच्याकडे आहे, त्यानं नवे टायर आणि रिम निवडताना हाच रस्ता डोळ्यांसमोर ठेवावा. दुकानातल्या चकचकीत फरशीवर सोळा इंची अलॉय सुंदरच दिसतं. पण गाडी फरशीवर चालवायची नसते.

अशा गाड्या महाराष्ट्रात कमी नाहीत. २००१ साली आलेली फियाट पॅलिओ मुंबईत कुर्ल्याला तयार होत असे, पूर्वी प्रीमियर पद्मिनी जिथे बनायची त्याच कारखान्यात. तिचं १.६ लिटरचं जीटीएक्स हे रूप सुमारे शंभर अश्वशक्तीचं होतं आणि सचिन तेंडुलकर तिच्या जाहिरातीत होता. फोर्ड आयकॉन १.६ आणि होंडा सिटी व्हीटेक या तिच्याच पिढीतल्या. या गाड्यांवर जीव लावणारे लोक आजही जुने सुटे भाग शोधत फिरतात. आणि जवळजवळ प्रत्येकाच्या मनात कधी ना कधी हा प्रश्न येतोच : टायर थोडे मोठे टाकले तर?

उत्तर शोधायला टायरच्या अंगावरचे आकडे वाचता आले पाहिजेत. पद्मिनीच्या काळी ते सोपं होतं. तिच्या टायरवर ५.२०-१४ एवढंच असे, म्हणजे रुंदी ५.२० इंच आणि रिमचा व्यास १४ इंच. रेडियल टायर आले आणि आकडे वाढले. पॅलिओच्या पिढीतल्या बऱ्याच गाड्यांना परिचित असलेला १७५/६५ आर१४ हा आकार घेऊ. यात १७५ मिलिमीटर ही टायरची रुंदी. ६५ म्हणजे त्या रुंदीच्या ६५ टक्के एवढी टायरच्या भिंतीची, म्हणजे साइडवॉलची, उंची. ती भरते सुमारे ११४ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल आणि १४ हा रिमचा व्यास इंचांत. वरची आणि खालची भिंत मिळवली, त्यात रिम धरली, की चाकाचा पूर्ण व्यास ५८३ मिलिमीटर येतो.

हा पूर्ण व्यास जपणं ही पहिली अट. रिम मोठी घेतली तर भिंत तेवढी बुटकी घ्यावी लागते. १८५/६० आर१४ चा व्यास ५७८ मिलिमीटर, १९५/५० आर१५ चा ५७६, १८५/५५ आर१५ चा साधारण ५८५. हे सगळे मूळच्या दीड टक्क्याच्या आतबाहेर आहेत. पण कुणी १९५/६० आर१५ चढवला, तर व्यास ६१५ होतो, मूळपेक्षा साडेपाच टक्के जास्त. मग स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ८४ च्या वर धावत असते. गिअर लांबल्यासारखे वाटतात, उठाव मरतो, आणि स्टेअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या प्लास्टिकला घासू लागतो. जाणकार तीन टक्क्यांपलीकडचा फरक टाळायला सांगतात, तो यासाठीच.

आता कचारगडच्या वाटेकडे परत येऊ. १७५/६५ आर१४ ची भिंत ११४ मिलिमीटर. २०५/४५ आर१६ ची ९२. पूर्ण व्यासात दोघांचा फरक फक्त आठ मिलिमीटरचा, म्हणजे हिशेबात दोन्ही बसतात. पण खड्ड्याची धार आणि रिमचा धातू यांच्यामध्ये जे रबर आणि जी हवा असते, ती २२ मिलिमीटरनं कमी झालेली असते. पावसाळ्यात पाण्यानं भरलेला खड्डा किती खोल आहे ते वरून कळत नाही. अशा ठिकाणी बुटका टायर रिम आणि खड्डा यांच्यात चिमटला जातो, भिंतीतले धागे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी बाजूला टेंगूळ दिसतं. तो टायर मग गेलाच, पंक्चरसारखा दुरुस्त होत नाही. पोलादी रिम वाकली तर ठोकून बऱ्याचदा सरळ करता येते. अलॉयला तडा गेला की त्यावर विश्वास टाकू नये.

याला एक सणसणीत पुरावा जागतिक रॅलीतून मिळतो. तिथल्या गाड्या डांबरी शर्यतीत १८ इंची रिम वापरतात, पण मुरूम-दगडांच्या रस्त्यावर उतरताना १५ इंची रिम आणि उंच भिंतीचे टायर लावतात. जगातले सर्वांत वेगवान चालक दगडगोट्यांत लहान रिम निवडतात. सालेकसा-दरेकसाच्या रस्त्यावर कुटुंबाला घेऊन निघालेल्यानं उलटं का करावं?

रुंदीचा मोहही आवरलेला बरा. रुंद टायर कोरड्या डांबरावर वळणात घट्ट धरतो, हे खरं. पण साचलेल्या पाण्यावर तोच लवकर तरंगतो, कारण त्याला बाजूला सारायला पाणी जास्त असतं. स्टेअरिंग जड होतं, आणि ट्रकनी पाडलेल्या चाकोरीत गाडी स्वतःहून खेचली जाते. शंभर अश्वशक्तीच्या गाडीला १८५ रुंदी पुष्कळ झाली. तिची खरी गंमत हलक्या चाकांमध्ये आहे, कारण स्प्रिंगखालचं वजन कमी असलं की चाक रस्त्याच्या उंचसखलपणाबरोबर पटकन खाली-वर होतं.

रिम घेताना सगळ्यांत जास्त फसगत होते ती बोल्टच्या छिद्रांत. पॅलिओला चार बोल्ट असतात आणि ते ९८ मिलिमीटरच्या वर्तुळावर बसतात. मारुती एस्टीम आणि त्या काळच्या होंडा सिटीचं वर्तुळ १०० चं, मारुती ८०० चं ११४.३ चं. ९८ आणि १०० यांतले दोन मिलिमीटर नजरेला दिसत नाहीत. त्यामुळे एस्टीमचं अलॉय पॅलिओला ‘बसतं’ असं सांगणारे भेटतात. ते बसत नाही. बोल्ट तिरके आवळले जातात, चाक केंद्रातून सरकतं, ताशी ७०-८० ला स्टेअरिंग थरथरतं आणि प्रवासात बोल्ट सैल होऊ शकतात. मधल्या छिद्राचं मापही जुळलं पाहिजे. फियाटचं ते ५८.१ मिलिमीटर. छिद्र मोठं असेल तर त्यात नेमकी बसणारी कडी घालावी. ऑफसेट, म्हणजे रिम गाडीच्या आत किंवा बाहेर किती बसते ते, मूळच्या जवळ ठेवावं. चाक बाहेर आलेलं रुबाबदार दिसतं, पण बेअरिंगवर भार वाढतो आणि चिखल थेट दरवाजांवर उडतो.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मूळ नोंदीशी विसंगत बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते स्पष्टपणे अधोरेखित केलं. म्हणून त्याच मॉडेलच्या वरच्या आवृत्तीला कंपनीनंच दिलेला आकार निवडणं सगळ्यांत सुरक्षित. भाराचा आकडा मूळपेक्षा कमी नको : ८२ म्हणजे एका टायरवर ४७५ किलो.

जुन्या गाडीत आकारापेक्षा रबराचं वय जास्त बोलतं. टायरच्या भिंतीवरचे चार आकडे पाहावेत. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. महिन्यातून दोनदा बाहेर निघणाऱ्या गाडीच्या टायरची नक्षी शाबूत दिसते, पण विदर्भाच्या उन्हाळ्यात उभ्या उभ्या रबर कडक होतं आणि भिंतीवर बारीक भेगा येतात. कायद्यानं नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी, मात्र झाडीपट्टीच्या पावसात तीन मिलिमीटरलाच नवे टायर घेतलेले बरे. आणि त्याआधी झिजलेले बुश व शॉकअ‍ॅब्सॉर्बर बदलावेत, नाहीतर महागडे टायरही वर्षभरात आतल्या कडेनं खाल्ले जातात.

राहिली स्टेपनी. चारही चाकं पंधरा इंची केली आणि डिकीत जुनं चौदा इंची चाक राहिलं, तर चालेल का? व्यास जुळत असेल तर गावापर्यंत हळू नेता येतं. पण अलॉयचे बोल्ट अनेकदा वेगळ्या लांबीचे असतात आणि पोलादी रिमला लागत नाहीत. मूळचे चार बोल्ट पिशवीत घालून स्टेपनीजवळ ठेवावेत. दरेकसाच्या जंगलात संध्याकाळी टायर बसला, तर ती पिशवी शोधायला गोंदियाला परतणं शक्य नसतं.