डिझेल इंजिनाची गाळणी : निवड व जागा

रब्बीच्या ऐन हंगामात गव्हाची पाण्याची पाळी यावी आणि नेमके त्याच वेळी विहिरीवरील इंजिन भार घेईनासे व्हावे, हा अनुभव पुष्कळांच्या परिचयाचा आहे. अशा वेळी घाईने गाळणीतील कागदी एलिमेंट काढून टाकले जाते. इंजिन पुन्हा जोमाने चालते व दोष गाळणीचाच होता, असा समज होतो. वस्तुतः गाळणी तुंबली, याचा अर्थ तिने आपले काम चोख केले होते. ती काढताच तीच घाण थेट फ्युएल पंपात जाऊ लागते.

या पंपातील प्लंजर व बॅरल यांमधील फट अवघी २ ते ४ मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केसदेखील सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे डोळ्यांस न दिसणारा धूलिकणही येथे ओरखडे पाडू शकतो. पंप झिजला की दाब कमी पडतो, इंजिन सुरू होण्यास त्रास देते आणि दुरुस्तीचा खर्च गाळणीच्या किमतीच्या कितीतरी पट होतो.

गाळणी कोठे असावी, यासही महत्त्व आहे. ओढीच्या बाजूस जाड व दाबाच्या बाजूस बारीक, हा नियम ध्यानात ठेवावा. ट्रॅक्टरमध्ये फीड पंपापूर्वी गाळ व पाणी बसण्याची वाटी किंवा जाळी असते; बारीक गाळण्या फीड पंपानंतर, इंजेक्शन पंपाच्या आधी असतात. बारीक गाळणी ओढीच्या बाजूस बसविल्यास डिझेल पुरेसे ओढले जात नाही, सैल सांध्यांतून हवा शिरते व इंजिन अडखळते. विहिरीवरील लहान इंजिनास बहुधा फीड पंप नसतो. उंचावरील टाकीतून डिझेल आपोआप उतरते. तेथे गाळणी टाकीच्या खाली, फ्युएल पंपाच्या आधी असावी.

निवड करताना इंजिनाच्या माहितीपुस्तिकेतील क्रमांकाचीच गाळणी घ्यावी. केवळ आट्यांत बसते म्हणून कोणतीही घेऊ नये. गरजेपेक्षा बारीक गाळणी लवकर तुंबते, तर जाड गाळणी घाण सोडते. बाण असल्यास तो डिझेलच्या प्रवाहाच्या दिशेने ठेवावा. कागदी एलिमेंट धुऊन पुन्हा वापरू नये. नव्या गाळणीत न गाळलेले डिझेल ओतू नये. ती बसविल्यावर हवा काढण्याचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यावे.

पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी साचते. रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने दव धरते, म्हणून टाकी सायंकाळीच भरावी व सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी तळातील पाणी काढावे.

हंगामापूर्वी एक नवे एलिमेंट घरी आणून ठेवावे. म्हणजे पाण्याच्या पाळीस गाळणी तुंबली, तरी ती काढून टाकण्याची वेळ येणार नाही.