गटाचे पैसे, गटाचे खाते

दिल्लीच्या करोलबाग भागात सोने-चांदी गाळण्याचा व्यवसाय करणारी अनेक मराठी कुटुंबे राहतात. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतून हे गलाई व्यावसायिक देशभर गेले, तसे दिल्लीलाही आले. तेथील एका गल्लीत पंधरा स्त्रियांनी बचत गट स्थापन केला आहे, असे समजू या. प्रत्येकीची मासिक बचत २०० रुपये. म्हणजे महिन्याला ३,००० आणि वर्षाला ३६,००० रुपये. ही रक्कम कोठे ठेवावी?

सुरुवातीला पैसे बहुधा एखाद्या सभासदाच्या घरी डब्यात राहतात. भिशीत हे चालून जाते, कारण तेथे जमलेली रक्कम त्याच दिवशी एकीच्या हाती पडते. बचत गटात मात्र पैसा साठत जातो. मग एक सोपा उपाय सुचतो : खजिनदार बाईंचे बँकेत खाते आहेच, त्यातच भरणा करावा. परंतु बँकेच्या दृष्टीने ते पैसे एकट्या त्या बाईंचे असतात. दुर्दैवाने त्यांचे निधन झाले, तर बँक ती रक्कम त्यांच्या नामनिर्देशित व्यक्तीला देईल. बाई कितीही प्रामाणिक असोत, घरच्यांनी ‘हे आमच्या आईचे पैसे’ असे म्हटले, की उरलेल्या चौदा जणींच्या हाती वहीतील नोंदींखेरीज काही राहत नाही.

दोघी-तिघींच्या नावाने संयुक्त खाते काढले, तरी ही अडचण पूर्णपणे दूर होत नाही. टपाल कार्यालयातील संयुक्त बचत खात्यात तर जास्तीत जास्त तीन प्रौढांचीच नावे घालता येतात.

यासाठी गटाच्याच नावाने खाते असावे. नाबार्डने १९९२ मध्ये बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक उपक्रम सुरू केला. पुढे १९९३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नोंदणी नसलेल्या गटांनाही बचत खाते उघडण्याची मुभा दिली. आता खाते उघडताना सर्व सभासदांची ओळखपत्रे लागत नाहीत, पदाधिकाऱ्यांची पुरतात. त्यांबरोबर खाते उघडण्याचा व सह्यांचे अधिकार देण्याचा ठराव जोडावा लागतो.

हा सह्यांचा ठराव विचारपूर्वक करावा. अध्यक्ष, सचिव व खजिनदार या तिघींपैकी कोणत्याही दोघींच्या सह्यांनी पैसे निघावेत, ही व्यवस्था उत्तम. एकीच्या सहीवर पैसे निघू लागले, तर गटाचे खाते पुन्हा एकीचेच झाले. उलट तिन्ही सह्या सक्तीच्या केल्या, तर दिवाळीला किंवा जत्रेला एक जण गावी गेली, की व्यवहार अडतो. अशा वेळी कोऱ्या पावतीवर आगाऊ सही करून ठेवण्याची सवय काही गटांत आढळते. ती फार घातक आहे.

बँक निवडताना बहुतेक जण प्रथम व्याजदर विचारतात. २०११ पासून बचत खात्याचा दर बँका स्वतः ठरवतात, हे खरे. पण ३६,००० रुपयांवर अर्ध्या टक्क्याचा फरक वर्षाला केवळ १८० रुपयांचा होतो. शाखा दूर असेल, तर एवढे पैसे रिक्षाभाड्यातच जातील. त्यापेक्षा किमान शिल्लक किती ठेवावी लागते व शाखेत बचत गटांची खाती आधीपासून आहेत का, हे विचारावे.

बँकेची सुरक्षितताही पाहावी. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या शाखा दिल्लीतही होत्या. सप्टेंबर २०१९ मध्ये तिच्यावर निर्बंध आले, तेव्हा खातेदारांना प्रारंभी केवळ १,००० रुपये काढता येत होते. फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेतील प्रत्येक ठेवीदाराच्या ठेवींना पाच लाख रुपयांपर्यंत विमा संरक्षण आहे. हे संरक्षण विमा असलेल्या बँकेलाच मिळते. कोणत्याही पतसंस्थेला ते लागू नाही.

खाते उघडल्यावर पासबुक दरमहा भरून आणावे आणि बैठकीत मोठ्याने वाचावे. ज्यांना अक्षरओळख नाही, त्यांनाही आकडे समजतात. पासबुकातील शिल्लक आणि गटाच्या वहीतील बँकेची शिल्लक यांत फरक आढळला, तर तो त्याच बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवावा.