रयतेचा फादर : आयरिश खेड्यातील धर्मगुरूंची तीन शतके

आयर्लंडच्या इतिहासात मठ, संत आणि चित्रमय हस्तलिखिते यांना जो मान मिळाला, तो खेड्यातल्या साध्या धर्मगुरूच्या वाट्याला क्वचितच आला. आणि तरीही गेल्या तीनशे वर्षांत त्या देशातला शेतकरी ज्याच्या तोंडाकडे पाहून मत देत होता, खंड थकवीत होता, दारू सोडीत होता, तो मनुष्य म्हणजे धर्मग्रामाचा हा फादरच होय. त्याच्या सत्तेचे मूळ भाविक लोक श्रद्धेत शोधतात आणि टीकाकार रयतेच्या अज्ञानात. मला ते बऱ्याच अंशी एका अगदी व्यवहारी गोष्टीत दिसते : त्याचा चरितार्थ सरकारी खजिन्यावर नव्हे, तर रयतेने दिलेल्या वर्गणीवर चालत असे.

बॉइनच्या लढाईत कॅथलिक स्टुअर्ट राजाचा पराभव झाल्यानंतर डब्लिनच्या प्रॉटेस्टंट पार्लमेंटने जे दंडविधान रचले, त्यातील हिशेबीपणा पाहिला म्हणजे एखाद्या मुरब्बी कारभाऱ्याची आठवण होते. १६९७ च्या कायद्याने सर्व बिशपांना आणि मठवासी साधूंना १ मे १६९८ पूर्वी देश सोडण्याचे फर्मान निघाले. पुढे १७०४ मध्ये खेड्यातल्या धर्मगुरूंना मात्र राहण्याची मुभा मिळाली; अट इतकीच, की प्रत्येकाने न्यायकचेरीत जाऊन आपले नाव, वय, राहण्याचे ठिकाण, दीक्षा कोणी व कोठे दिली हा सर्व तपशील दप्तरात नोंदवावा आणि सद्वर्तनाबद्दल पन्नास पन्नास पौंडांचे दोन जामीनदार द्यावेत. एका धर्मग्रामाला एकच धर्मगुरू, त्याला साहाय्यक नाही. आणि दीक्षा देणारा बिशपच देशात उरला नसल्यामुळे तो मेला की मागे वारसही नाही. हजाराहून अधिक धर्मगुरूंनी अशी नोंद केली. परंतु १७०९ मध्ये त्यांच्याकडून स्टुअर्ट घराण्याचा हक्क नाकारणारी शपथ मागितली गेली, तेव्हा ती घेणारे जेमतेम तीस-पस्तीस निघाले. बाकीचे सारे एका दिवसात बेकायदा ठरले आणि एक पिढीभरात आपोआप विझून जावी अशी योजलेली ही जमात १७३१ च्या सरकारी पाहणीत चौदाशेहून अधिक भरली.

उघड्या माळावरच्या शिळेला वेदी मानून, टेकडीवर पहारा ठेवून चाललेल्या मिस्सांच्या, म्हणजे कॅथलिक उपासनांच्या, कथा याच काळातल्या. त्यांत तथ्य आहे, पण पुढील शतकाच्या देशाभिमानाने त्यांना पुष्कळच रंग चढविला, असे म्हटल्यावाचून राहवत नाही. कारण त्याच पाहणीत गवताने शाकारलेली, मातीच्या भिंतींची शेकडो प्रार्थनाघरेही नोंदली गेली आहेत. छळ सर्वत्र सारखा नव्हता. अंमलदार आळशी असे, जमीनदार कधी सज्जन असे, आणि कायद्याची पकड त्यांच्या मर्जीप्रमाणे ढिली किंवा घट्ट होत असे.

या प्रार्थनाघरांहूनही धर्मगुरूला रयतेशी अधिक जखडून टाकणारी प्रथा म्हणजे ‘स्टेशन’. वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, वस्तीतील एका घराची पाळी येई. ते घर आठवडाभर आधी चुन्याने रंगविले जाई, अंगणातला उकिरडा झाकला जाई, उसनी भांडी आणि चादरी शेजारून येत. सकाळी फादर घोड्यावरून येऊन स्वयंपाकघरातल्या चुलीशी बसे व एकेकाची पापकबुली ऐके. मग जेवणाच्याच टेबलावर मिस्सा होई. आणि ती आटोपली की त्याच टेबलाशी वही उघडून प्रत्येक कुटुंबाची वर्गणी वसूल केली जाई, कोणाची किती बाकी आहे ते वाचले जाई. त्यानंतर यजमानाघरी न्याहारी. एकाच सकाळी, एकाच टेबलावर, देव, हिशेब आणि अंडी! आमच्याकडील देशपांडे-कुलकर्ण्यांच्या वसुलीत दरारा असे. येथे घेणाऱ्यालाच देणाऱ्याच्या चुलीपर्यंत यावे लागत होते.

हे धर्मगुरू शिकत कोठे? कायद्याने घरी विद्यालय निषिद्ध असल्यामुळे सालामांका, लूव्हाँ, रोम, पॅरिस येथील आयरिश महाविद्यालयांत. पुष्कळांना आधी मायदेशीच दीक्षा मिळे आणि मग परदेशात मिस्सांच्या दक्षिणेवर ते शिक्षणाचा खर्च भागवीत. फ्रेंच राज्यक्रांतीने ही दारे बंद केली आणि लंडनच्या सरकारला निराळीच धास्ती पडली, की हे तरुण फ्रान्सहून बायबलाऐवजी बंडाचा पाठ घेऊन येतील. म्हणून १७९५ मध्ये सरकारच्याच पैशाने डब्लिनजवळ मेनूथचे विद्यालय उघडले. अपेक्षा राजनिष्ठेची होती. पण अनुदान विद्यालयाला मिळाले, खेड्यातल्या फादरला नव्हे, आणि तेथून बाहेर पडलेला सधन शेतकऱ्याचा मुलगा पुन्हा रयतेच्याच वर्गणीवर जगू लागला.

तीनच वर्षांनी वेक्सफर्ड परगण्यात बूलाव्होगच्या फादर जॉन मर्फीचे प्रकरण घडले. सेव्हिलमध्ये शिकलेल्या या गृहस्थाने आपल्या लोकांना शस्त्रे सरकारजमा करण्याचाच उपदेश केला होता. परंतु सरकारी घोडदळाने घरे जाळण्याचा सपाटा लावल्यावर मे १७९८ मध्ये तो स्वतःच बंडाचा पुढारी झाला, त्याचे प्रार्थनाघर भस्मसात झाले, आणि जुलैमध्ये टलो येथे त्याला फाशी दिली गेली. बिशपांनी बंडाचा निषेध केला. लोकांनी मर्फीला हुतात्मा केले.

मात्र संघटनेचे खरे शिक्षण या धर्मगुरूंना कॅथलिकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या डॅनियल ओकॉनेलने दिले. १८२४ पासून दरमहा एक पेनी ‘कॅथलिक खंड’ गोळा होऊ लागला तो बहुधा प्रार्थनाघराच्या दाराशी आणि फादरच्या देखरेखीखाली. १८२५ मध्ये कॅथलिकांना सवलती देणाऱ्या मसुद्याबरोबर धर्मगुरूंना सरकारी पगार देण्याची योजनाही पुढे आली. उमरावांच्या सभेने मसुदाच फेटाळला आणि ती बारगळली. ती अंमलात येती, तर मला वाटते १८२८ ची क्लेअरची निवडणूक घडलीच नसती. त्या निवडणुकीत, मतदान उघड असताना, जमीनदाराच्या डोळ्यांदेखत, चाळीस शिलिंगांचे लहान कुळवाले आपापल्या फादरच्या मागून एनिस गावी चालत गेले आणि मंत्र्याविरुद्ध ओकॉनेलला निवडून दिले. १८२९ मध्ये कॅथलिकांना पार्लमेंट खुले झाले. त्याच वेळी मतदानाची पात्रता दहा पौंडांवर नेऊन ज्यांनी हा विजय मिळवून दिला त्यांचीच मते सरकारने काढून घेतली. त्यानंतर ग्रेगनमॅनाच्या रयतेने फादर मार्टिन डॉयलच्या नेतृत्वाखाली परक्या प्रॉटेस्टंट चर्चचा दशमांश देण्याचे नाकारले, जनावरांच्या जप्तीला ते लोक सामोरे गेले, आणि १८३१ मध्ये हे प्रकरण देशभर पेटले.

१८४५ नंतरच्या दुष्काळाने सुमारे दहा लक्ष लोक मारले आणि तितक्यांहून अधिक देशोधडीस लावले. तापाने ग्रासलेल्या झोपड्यांतून अंतिम संस्कार देत हिंडणारे कित्येक धर्मगुरू स्वतः त्याच तापाने गेले. परंतु या संहाराचा एक विचित्र परिणाम असा, की प्रजा घटली आणि धर्मगुरू वाढले. १८४० च्या सुमारास तीन हजार श्रद्धावंतांमागे एक धर्मगुरू होता. १९०० मध्ये ते प्रमाण नऊशेवर आले. १८५० मध्ये थर्लस येथील परिषदेत आर्चबिशप पॉल कलन यांनी बाप्तिस्मा, विवाह इत्यादी विधी घरांतून मंदिरात आणण्याचा आग्रह धरला. दगडी बांधणीची मंदिरे उभी राहिली. आणि चुलीशी बसणारा फादर हळूहळू व्यासपीठावरून बोलू लागला. वर्गणी देणाऱ्यांची नावे रकमेसकट वेदीवरून वाचण्याचा, गरिबाला चारचौघांत ओशाळवाणे करणारा प्रघातही बऱ्याच ठिकाणी दीर्घकाळ चालला.

कुळांच्या हक्कांसाठी उठलेल्या जमीनचळवळीत मात्र जुने नाते पुन्हा एकदा उजळले. १८८० मध्ये मेयो परगण्यातील लॉख मास्कच्या काठी जमीनदाराचा कारभारी असलेल्या ज्या कॅप्टन बॉयकॉटच्या शेतावर एकही मजूर फिरकेना, त्या बहिष्काराचा सूत्रधार जवळच्याच नील धर्मग्रामाचा फादर जॉन ओमॅली होता. एक गोळी न झाडता माणसाला गाव सोडावयास लावण्याची ती युक्ती जगाने उचलली.

स्वातंत्र्य मिळाले आणि रयतेचा वकील रयतेचा फौजदार झाला, असे म्हटले तर ते फारसे अन्यायाचे होणार नाही. शाळेचा व्यवस्थापक तोच, नोकरीच्या शिफारसपत्रावर सही त्याची, आणि १९३५ च्या नृत्यगृहांच्या कायद्यानंतर तरुणतरुणींनी कोठे नाचावे यावरही बहुधा त्याचीच नजर. तरी या काळातच काही फार वेगळी माणसे दिसतात. कॅनन जॉन हेस १८८७ मध्ये मरो येथे जमीनचळवळीने बेघर कुळांसाठी बांधलेल्या लाकडी झोपडीत जन्मला होता. टिपरेरीतील बान्शाचा हा धर्मगुरू आणि त्याची ‘मुंतिर ना तीरे’ ही ग्रामसंस्था खेड्यांत वीज आणण्यासाठी झटली. फादर जेम्स मॅक्डायर १९५१ मध्ये डोनेगालच्या ग्लेनकोलमकिल येथे गेला, तेव्हा तेथे वीज, नळाचे पाणी, पक्की सडक व उद्योग यांपैकी काहीही नव्हते आणि तरुण मंडळी परदेशाची वाट धरीत होती. त्याने भाज्या, विणकाम आणि मासळी यांच्या सहकारी संस्था काढल्या. काही फसल्या; गाव मात्र उठून गेले नाही. मेयोतील नॉकच्या मॉन्सिनियर जेम्स होरनने तर सरकारने हात आखडता घेतल्यावर लॉटरीच्या पैशांतून १९८६ मध्ये दलदलीच्या माळावर विमानतळच पुरा केला. त्याच वर्षी लूर्दच्या यात्रेत त्याचे निधन झाले.

अशा माणसांमुळे दुसरी बाजू झाकली जाते, आणि ती झाकून चालणार नाही. रयत पैसे देत होती, पण हिशेब मागण्याचा हक्क तिला नव्हता. वरच्या बिशपाला जाब विचारणारा कोणी नव्हता. फादर मर्फीचे बूलाव्होग ज्या फर्न्स धर्मप्रांतात येते, त्याच प्रांतात १९६२ ते २००२ या काळात एकवीस धर्मगुरूंवर मुलांच्या लैंगिक छळाचे शंभराहून अधिक आरोप झाल्याचे २००५ च्या सरकारी अहवालाने दाखवून दिले, आणि बिशपांनी माणसे बदल्या करून कशी झाकली हेही. २००९ मध्ये आणखी दोन अहवाल आले. कार्लो, किल्केनी, वॉटरफर्ड, थर्लस येथील धर्मविद्यालये त्याआधीच एकेक करून बंद पडली होती.

आता कित्येक ठिकाणी अनेक धर्मग्रामांना मिळून एखादा वृद्ध धर्मगुरू असतो आणि काही धर्मप्रांतांत अंत्यविधीची प्रार्थना प्रशिक्षित गृहस्थ चालवितात. मेनूथचे प्राध्यापक पॅट्रिक कॅर्यू एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात आले आणि कलकत्त्यात आर्चबिशप म्हणून राहिले; आज केरळातील धर्मगुरू आयरिश खेड्यांत मिस्सा करीत आहेत. १९८३ च्या धर्मविधीसंहितेने प्रत्येक धर्मग्रामाला अर्थसमिती बंधनकारक केली आहे, आणि वर्गणीची वही आता रयतेतल्याच माणसांपुढे उघडावी लागते.