भाद्रपदातले पाहुणे

नांदूर-मध्यमेश्वरला जायचे ते डिसेंबर-जानेवारीतच, असा सार्वत्रिक समज आहे. तो गैर नाही. थंडीत तेथे बदकांचे थवेच्या थवे उतरतात. परंतु उत्तरेकडील पाहुण्यांचे आगमन त्याच्या तीन-चार महिने आधी, पावसाची रिपरिप चालू असतानाच सुरू झालेले असते.

या पहिल्या पाहुण्यांत हिरवी तुतारी असते. मैनेएवढी, काळपट पाठीची, चिखलाच्या कडेने एकटीच शेपटी खालीवर हलवीत फिरणारी. नावातला हिरवा रंग अंगावर फारसा जाणवत नाही. चाहूल लागताच ती तारस्वरात ओरडत उडते आणि कमरेवरचा शुभ्र पट्टा झळकतो. ठिपकेदार तुतारीची कंबरही पांढरीच. मात्र तिच्या पंखांची खालची बाजू फिकट असते, तर हिरव्या तुतारीची जवळजवळ काळी. नवख्याची फसगत येथेच होते.

ही तुतारी युरोप-आशियाच्या उत्तरेकडील दलदलीच्या अरण्यांत, बहुधा कस्तुरासारख्या पक्ष्यांच्या झाडावरील जुन्या घरट्यात अंडी घालते. पिले उडू लागण्यापूर्वीच मादी दक्षिणेची वाट धरते. पिलांची राखण नराकडे राहते. म्हणूनच या पक्ष्यांचे स्थलांतर ऐन उन्हाळ्यातच सुरू होते.

एवढा प्रवास करून आलेल्या पक्ष्याला येथे हवा असतो तो घोटाभर पाण्याखालचा चिखल. गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचत गेला आणि त्यातून उथळ पाणथळी तयार झाल्या. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात गाळ हा तोटा. पक्ष्यांच्या हिशेबात मात्र ती ठेवच ठरली. डॉ. सालिम अली यांनी या स्थळाला ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हटले होते. १९८६ साली ते अभयारण्य झाले आणि महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाले.

तरीही या ठेवीची शाश्वती नाही. गंगापूर व दारणा धरणांतून विसर्ग वाढला की ते पाणी येथूनच जायकवाडीकडे जाते. पाणी फुगते, काठाचा चिखल बुडतो आणि आखूड पायांच्या या पक्ष्यांना अन्न शोधायला जागा उरत नाही. तेव्हा निघण्यापूर्वी विसर्गाची बातमी अवश्य पाहावी. नाशिकपासून अंतर सुमारे ४० किलोमीटर. चापडगावच्या बाजूने निरीक्षण मनोरे आहेत. बँकेतील मंडळींना सप्टेंबरअखेरीस अर्धवार्षिक हिशेबातून मान वर काढता येत नाही, म्हणून पहिला पंधरवडाच गाठावा.

याच सुमारास भुवई बदकेही उतरू लागतात, पण नराची ती प्रसिद्ध पांढरी भुवई तेव्हा दिसत नाही. विणीनंतर त्याचा वेष मादीसारखाच झालेला असतो. काठावरच्या तुताऱ्याही दुर्बिणीतून नीट न्याहाळाव्यात. ज्यांची पिसे झिजलेली, ते प्रौढ पक्षी. ज्यांच्या पाठीवरचे ठिपके कोरे करकरीत, ती यंदाचीच पिले. हा मार्ग पूर्वी कधीही न पाहता, आईच्या मागून कित्येक आठवड्यांनी येथवर पोहोचलेली.