माहेरचे नाव, सासरचे नाव आणि पासपोर्ट

लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कायदा भारतात नाही. तरीही हिंगोली जिल्ह्यात सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावची मुलगी परदेशी जाते तेव्हा दाखल्यांचा घोळ होतो, कारण आपल्याकडे आडनावाबरोबर मधले वडिलांचे नावही जाऊन पतीचे येते. काही घरांत तर पहिलेही. त्यात हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, म्हणून जुन्या दाखल्यावर जिल्हाही निराळाच! भारतीय आणि परदेशी असे दोन पासपोर्ट दोन नावांनी ठेवू, हा उपाय चालत नाही. १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९नुसार स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपते. मग भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. पुढे ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी जुना भारतीय व नवा परदेशी पासपोर्ट एकाच व्यक्तीचे आहेत हे दाखवावे लागते.

प्रतिज्ञापत्र पुरेल, असे कोणी म्हणेल. पण ते अर्जदाराचे स्वतःचेच म्हणणे. विवाह नोंदणीचा दाखला ही सरकारी नोंद असते, म्हणून दोन नावांमधला तो भक्कम दुवा. लग्नाचे फोटो आणि पत्रिका नोंदणीची जागा घेत नाहीत. नाव बदलायचे नसेल तर उत्तमच, निम्मा घोळ टळतो. बदलायचे असेल, तर परदेशी नागरिकत्वाचा अर्ज करण्यापूर्वीच भारतीय पासपोर्टवर बदलून घ्यावे.