स्वयंचलित ब्राउझर-परीक्षा

सोलापूरच्या यंत्रमागावर आडवा धागा तुटला, कीं एक लहानसा काटा तें ओळखतो आणि माग थांबवितो. विणकराची नजर शेजारच्या मागावर असली तरी चालतें. संकेतस्थळें रचणाऱ्यांना असा काटा बऱ्याच उशिरां लाभला.

पूर्वीं माणसानेंच ब्राउझर उघडावा, नांव भरावें, कळ दाबावी, उत्तर पाहावें. आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर हेंच पुनः करावें. कंटाळलेला माणूस शेवटीं पाहिल्यासारखें करतो! २००४ सालीं शिकागो येथें थॉटवर्क्स कंपनींत जेसन हगिन्स यांनीं ‘सेलेनियम’ हें साधन रचिलें. तें ब्राउझरला माणसाप्रमाणेंच हांकतें. २०१७ पासून क्रोम पडद्याविना चालूं लागला, त्यामुळें हीच परीक्षा दूरच्या सर्व्हरवर सोपी झाली. आतां कोणीहि आपलें काम मुख्य कामाला जोडूं लागला, कीं सर्व्हर कोरी जागा मांडतो, संकेतस्थळ उभें करतो व परीक्षा चालवितो. एक जरी चुकली तरी जोडणी अडते.

खरी अडचण वेळेची. पान उमटण्यापूर्वींच कळ दाबली, तर निर्दोष कामहि नापास ठरतें. पुष्कळजण पांच सेकंद थांबण्याची आज्ञा लिहितात. यंत्र मंद असेल त्या दिवशीं तेहि अपुरे पडतात. त्यापेक्षां ती कळ दिसेपर्यंत थांबावें व त्यास कमाल मर्यादा घालावी. अकारण अडणाऱ्या परीक्षेकडे लोक दुर्लक्ष करूं लागतात. विणकरानें काटाच बांधून ठेवावा तसें तें होतें, आणि चादरींतील उणीव प्रथम दिसते ती गिऱ्हाइकाला. म्हणून परीक्षा नापास होतांच त्या क्षणींच्या पानाचें चित्र जपण्याची सोय पहिल्याच दिवशीं करावी. दोष कामांत आहे कीं परीक्षेंत, हें शोधण्यास तें उपयोगी पडतें.