ओवाळून टाकलेल्यांची पलटण

९ मार्च १९४३. गोव्यात इंत्रुजाचा, म्हणजे कार्निव्हलचा शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार उजाडणार आणि मग चाळीस दिवसांचा उपास, त्यामुळे खाणं, पिणं, नाचणं जे काय असेल ते त्याच रात्री उरकायचं होतं. मुरगाव बंदरात अडकून पडलेल्या जर्मन जहाजांवरचे बरेच खलाशीही किनाऱ्यावर मौजमजेला उतरले होते. त्यांची करमणूक कोणी तरी आधीपासून पद्धतशीर जुळवून आणली होती, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मध्यरात्रीनंतर अंधारातून एक बेढब, संथ बार्ज बंदराकडे सरकत आली. तिचं नाव ‘फीबी’ आणि एरवीचं काम नदीतला गाळ वाहून नेण्याचं. या खेपेला मात्र तिच्यावर कलकत्त्याचे काही साहेब लोक होते. कुणी व्यापारी पेढीतला, कुणी चहाच्या धंद्यातला. बहुतेकांनी तारुण्य मागे टाकलेलं, काहींचं पोट सुटलेलं.

कागदोपत्री हे सगळे ‘कलकत्ता लाइट हॉर्स’चे घोडेस्वार. १८७२ साली उभी राहिलेली ही हौशी, अर्धवेळ पलटण. ती शेवटची लढली ती बोअर युद्धात, चाळीसेक वर्षांपूर्वी. त्यानंतर पलटणीचा मुक्काम परेडच्या मैदानापेक्षा क्लबातच जास्त असे. खऱ्या लढाईसाठी यांच्यातल्या बऱ्याच जणांना वयामुळे कुणी विचारलंही नसतं. त्या रात्री नेमकी हीच गोष्ट कामाला आली.

युद्ध सुरू होताच जर्मनांच्या ‘एहरनफेल्स’, ‘ड्राखनफेल्स’ आणि ‘ब्राउनफेल्स’ या तीन मालवाहू जहाजांनी मुरगावात आसरा घेतला होता. पुढे इटलीचं ‘आन्फोरा’ही त्यांच्या शेजारी येऊन उभं राहिलं. पोर्तुगाल तटस्थ, म्हणजे गोवाही तटस्थ. ब्रिटिशांची हद्द हाकेच्या अंतरावर, पण हात लावायची सोय नाही. ‘एहरनफेल्स’वर चोरटा ट्रान्समीटर आहे आणि हिंदी महासागरातल्या जर्मन पाणबुड्यांना त्यावरून दोस्तांच्या जहाजांची खबर जाते, असा ब्रिटिश हेरखात्याला संशय होता. नियमित फौज पाठवावी तर तटस्थतेचा उघड भंग. पण कलकत्त्याच्या क्लबातली काही मंडळी सुट्टीत जरा जास्त झाल्यामुळे भलत्याच जहाजावर चढली, असं सांगायला काय हरकत? पकडले गेलेच तर बचाव तयार होता, आणि या मंडळींकडे पाहून तो कुणालाही पटला असता.

लाइट हॉर्सचे चौदा आणि ‘कलकत्ता स्कॉटिश’चे चौघे असे अठरा जण निघाले. काहींनी ‘फीबी’वरून अख्ख्या किनाऱ्याला वळसा घातला, बाकीचे आगगाडीने कोचीनला जाऊन तिथे बार्जवर चढले. ‘एहरनफेल्स’वर झटापट झाली. तिचा कप्तान आणि काही खलाशी मारले गेले. जर्मनांनी मात्र या दिवसाची तयारी आधीच करून ठेवली होती. त्यांनी तळाच्या झडपा उघडल्या आणि जहाज बुडायला लागलं. उजळलेलं आकाश पाहून उरलेल्या तिन्ही जहाजांवरच्या लोकांनीही आपापली जहाजं पेटवून दिली, बुडवली. म्हणजे हल्ला झाला एका जहाजावर आणि तळाला गेली चार. हल्लेखोरांपैकी कुणीही दगावलं नाही. त्या ट्रान्समीटरचं नेमकं महत्त्व किती, यावर पुढे वाद झाले. मोहीम फत्ते झाली याबद्दल मात्र वाद नाही.

कौतुक मात्र झालं नाही, कारण घडलेलं कबूलच करायचं नव्हतं. पदकं नाहीत, बातमी नाही. १९४७ साली पलटणच मोडीत निघाली. जेम्स लीझर या लेखकाने १९७८ मध्ये ‘बोर्डिंग पार्टी’ हे पुस्तक लिहिलं, तेव्हा कुठे या रात्रीची गोष्ट जगापुढे आली. दोनच वर्षांत तिचा सिनेमा झाला: ‘द सी वुल्व्हज’.

अँड्र्यू मॅक्लॅग्लन दिग्दर्शक, ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ लिहिणारे रेजिनाल्ड रोझ पटकथेला आणि चित्रीकरण गोव्यातच. ग्रेगरी पेक आणि डेव्हिड निव्हन यांनी १९६१ च्या ‘द गन्स ऑफ नॅव्हरोन’मध्ये नाझींच्या तोफा उडवल्या होत्या. आता पेक चौसष्टीचा, निव्हन सत्तरीचा. इतर कुठल्याही युद्धपटात हे हास्यास्पद ठरलं असतं. इथे नटांची दमछाक थेट भूमिकेच्या उपयोगी पडते. शिड्या चढताना धापा टाकणारे, गुडघे धरून बसणारे हे म्हातारे कमांडो हाच या सिनेमाचा खरा ऐवज. रॉजर मूर मात्र जेम्स बाँडचं सामान पूर्ण उतरवून आलेला नाही. गुळगुळीत डिनर जॅकेट आणि सुंदर शत्रुहेर बाई त्याच्याबरोबर आहेतच. तेवढा भाग चुकवला तर सिनेमा आजही मजेत पाहता येतो.

‘सी वुल्व्हज’ ज्या घराण्यातला, त्याचा कर्ता पुरुष मात्र तेरा वर्षं आधीचा. रॉबर्ट ऑल्ड्रिचचा ‘द डर्टी डझन’ १९६७ साली आला आणि त्या वर्षीच्या सर्वाधिक चाललेल्या सिनेमांत गेला. गोष्ट दोन वाक्यांत संपते. अमेरिकन लष्कराच्या तुरुंगातले बारा कैदी, त्यातले पाच फाशीचे, मेजर राइझमन नावाच्या स्वतःच वरिष्ठांना नकोशा झालेल्या अधिकाऱ्याच्या हवाली केले जातात. नॉर्मंडीच्या चढाईआधी फ्रान्समधल्या एका हवेलीत उतरून तिथे जमणाऱ्या जर्मन अधिकाऱ्यांचा निकाल लावायचा, आणि जो जगेल त्याच्या शिक्षेचा फेरविचार होईल.

पुढे असंख्य सिनेमांनी हा साचा उचलला: माणसं जमवा, आपसात भांडू द्या, शिकवा, एक करा आणि मग मारा. कॉमिक्समधून आलेल्या ‘सुइसाइड स्क्वाड’चा सांगाडाही हाच. पण नकलांमध्ये जे सहसा उतरत नाही, ते ऑल्ड्रिचकडे भरपूर आहे, ते म्हणजे वेळ. सिनेमाचा मोठा हिस्सा नुसत्या तयारीत जातो. थंड पाण्याने दाढी करणार नाही म्हणून कैदी अडून बसतात. राइझमन समजूत घालत नाही. साबण आणि दाढीचं सामानच बंद करून टाकतो. त्या पारोशा अवतारावरून त्यांना ‘डर्टी डझन’ हे नाव चिकटतं आणि शिक्षा म्हणून मिळालेलं नाव ते बिरुदासारखं मिरवू लागतात. बारा सुटी माणसं एक तुकडी झाली ती याच प्रसंगात. भाषण नाही, झेंडा नाही. मग युद्धसरावात हे बारा जण दंडावरच्या पट्ट्या बदलून, खोटा जखमी घेऊन शिस्तीच्या कर्नलचं आख्खं मुख्यालय काबीज करतात. थिएटरात टाळ्या पडणारच.

आणि मग शेवटचा भाग. हवेलीत अधिकाऱ्यांबरोबर बायकाही आहेत. सगळे तळघरात पळतात आणि हे लोक वरून दारं बंद करतात. हवेसाठी ठेवलेल्या झरोक्यांतून पेट्रोल आणि हातबाँब आत सोडले जातात. तासभर ज्यांच्यावर प्रेक्षकाने माया केली, ते आता माणसं कोंडून जाळताहेत. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे समीक्षक बॉस्ली क्राउदर यांनी चित्रपटाला झोडपून काढलं. ऑल्ड्रिचने तो प्रसंग तसाच ठेवला. व्हिएतनामच्या बातम्या रोज घराघरात येत होत्या, सक्तीच्या भरतीला तरुण कंटाळले होते. सभ्य लोक असभ्य कामं कुणाकडून करून घेतात, हा प्रश्न त्या प्रेक्षकाला परका नव्हता. सिनेमा विनोदी आहे की भीषण, याचा निकाल ऑल्ड्रिच लावत नाही. विनोद आणि रक्त एकाच ताटात वाढून तो बाजूला होतो.

झरोक्यांवरून धावत हातबाँब टाकणारा जिम ब्राउन हा अमेरिकन फुटबॉलचा त्या काळातला सर्वांत गाजलेला धावपटू. इंग्लंडच्या पावसाने चित्रीकरण लांबलं, संघाच्या सरावाची तारीख उलटली, मालकाने दंडाची धमकी दिली. ब्राउनने तिशीतच, इंग्लंडमधूनच, निवृत्ती जाहीर करून टाकली. म्हणजे बाराजणांतला एक तरी पडद्याबाहेरही वरिष्ठांना न जुमानणारा निघाला. राइझमन झालेला ली मार्विन मरीन सैनिक होता आणि १९४४ मध्ये सायपान बेटावर जखमी झाला होता. चार्ल्स ब्रॉन्सन बाँबफेकी विमानावर गनर होता. ही मंडळी बंदूक हातात घेताना जराही ऐट करत नाहीत, ते उगाच नाही.

पण असे बारा कैदी खरोखर होते का? मूळ कादंबरी ई. एम. नेथनसन यांची, १९६५ सालची. त्यांना ही कल्पना मिळाली ती रस मायर या सिनेमावाल्याकडून. मायर युद्धात लष्करी कॅमेरामन होता आणि शिक्षा झालेल्या सैनिकांना गुप्त मोहिमेसाठी तयार केल्याची कथा त्याने नेथनसनना सांगितली. नेथनसन यांनी कागदपत्रांचा शोध घेतला, हाती काही लागलं नाही, तेव्हा त्यांनी सरळ कादंबरी लिहिली.

सापडली ती दुसरीच माणसं. १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनमध्ये सुरुंग पेरणाऱ्यांची एक छोटी तुकडी होती, ‘फिल्दी थर्टीन’ म्हणजे घाणेरडे तेरा. त्यांच्यात फाशीचा कैदी एकही नव्हता. शिस्तीशी मात्र सगळ्यांचं वाकडं. त्यांचा म्होरक्या जेक मॅक्नीस हा ओक्लाहोमाचा. सलाम ठोकायचा कंटाळा, परवानगीशिवाय गायब व्हायची सवय, त्यामुळे बढतीचा प्रश्नच नाही. इंग्लंडमध्ये छावणीत असताना आंघोळीचं पाणी ही मंडळी स्वयंपाकाला वापरत, आणि शिजवायला शेजारच्या जमीनदाराच्या रानातली चोरून मारलेली हरणं आणि ससे! नॉर्मंडीत उडी घेण्याआधी त्यांनी डोकी भादरून मधोमध केसांचा पट्टा ठेवला आणि तोंडं रंगवली. लष्करी छायाचित्रकाराने टिपलेली ती छायाचित्रं आजही युद्धाच्या पुस्तकांत हमखास दिसतात. त्यांची कामगिरी होती दूव्ह नदीवरच्या पुलांची. उडी घेतलेल्यांपैकी बरेच जण परतले नाहीत.

हिंदी सिनेमालाही या घराण्याचा मोह पडला. ‘शोले’तल्या ठाकूरला डाकू पकडायला दोन सराईत चोर लागतात. सुभाष घईंच्या ‘कर्मा’त (१९८६) दिलीपकुमार हा जेलर फाशीचे तीन कैदी घेऊन देशाच्या शत्रूवर चालून जातो. पण ‘डर्टी डझन’च्या दहा वर्षं आधी, १९५७ साली, व्ही. शांताराम यांनी बरोबर अर्धा डझन खुनी घेतले होते. ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा ग. दि. माडगूळकरांची आणि तिच्यामागे औंध संस्थानातला खरा प्रयोग, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर इथली कैद्यांची खुली वसाहत. मांडणी जवळपास तीच: तुरुंगातून काढलेले खुनी, त्यांच्यावर विश्वास टाकणारा एक हट्टी अधिकारी, हसणारे वरिष्ठ. फरक एवढाच की राइझमन त्यांना माणसं मारायला शिकवतो आणि शांतारामांचा जेलर भाजीपाला पिकवायला.

या घराण्याची एक शाखा मात्र सिनेमावाले सहसा दाखवत नाहीत. गुन्हेगारांना बंदुका देऊन आघाडीवर पाठवण्याचं काम दुसऱ्या महायुद्धात मोठ्या प्रमाणावर झालं, आणि ते राइझमनच्या मायाळू पद्धतीने झालं नाही. २८ जुलै १९४२ च्या २२७ क्रमांकाच्या आदेशानंतर सोव्हिएत लष्कराने शिक्षा झालेल्यांच्या तुकड्या उभ्या केल्या. पुढे प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीनुसार त्यांतून सुमारे ४ लाख २७ हजार माणसं गेली. जिथे मरण जवळपास ठरलेलं, तिथे त्यांना आधी ढकलायचं, ही रीत होती.

जर्मनांचा नमुना याहून वाईट. १९४० मध्ये एसएसने चोरट्या शिकाऱ्यांना तुरुंगातून काढून एक तुकडी केली. तिचा प्रमुख ऑस्कर डिर्लेवांगर स्वतः बालिकेवरच्या अत्याचारासाठी तुरुंगात जाऊन आलेला. पुढे तिच्यात सगळ्या प्रकारचे गुन्हेगार भरले गेले. २२ मार्च १९४३ रोजी, म्हणजे मुरगावची जहाजं बुडाल्याला दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, याच तुकडीच्या सहभागाने बेलारूसमधलं खातिन हे गाव जाळलं गेलं. गावकऱ्यांना एका कोठारात कोंडून आग लावली. १४९ बळी, त्यांत ७५ मुलं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये वॉर्सातल्या व्होला वस्तीच्या कत्तलीतही हे लोक होते. एलेम क्लिमोव्हच्या ‘कम अँड सी’मध्ये (१९८५) अशा गावजाळीचं दर्शन आहे, पण कॅमेरा कोठारात कोंडलेल्यांच्या बाजूला आहे. तो पाहिल्यावर ‘डर्टी डझन’चं तळघर पुन्हा पाहणं अवघड जातं.

जेक मॅक्नीसने मात्र नॉर्मंडीनंतरही उड्या सोडल्या नाहीत. युद्धात त्याने एकूण चार वेळा शत्रूच्या प्रदेशात उडी घेतली. त्यातली एक डिसेंबर १९४४ मध्ये, वेढ्यात सापडलेल्या बॅस्टोनमध्ये, आकाशातून रसद नेमकी कुठे टाकायची हे विमानांना दाखवण्यासाठी. तो २०१३ साली, त्र्याण्णव वर्षांचा होऊन गेला. कुणाचाही हुकूम न ऐकणाऱ्या या गड्याने युद्धानंतर ओक्लाहोमातल्या पोंका सिटीत सरकारी नोकरी धरली आणि बरीच वर्षं टिकवली, टपाल खात्यात.